वाँटेज गावातील पंडिता

भाईंदरच्या खाडीकाठी राहणाऱ्या आम्हा लोकांस जुन्या गावाचे अप्रूप सांगावयास नको. चौक येथील धारावीच्या किल्ल्यावर उभे राहिले की पाण्यापलीकडे वसईचा कोट दिसतो. घोडबंदरचा किल्ला तर आपल्या घरचाच. शाळेची सहल वसईस गेली म्हणजे मुले तटावरून धावतात, पडक्या चर्चच्या कमानींखाली बसून डबे उघडतात, आणि मग एखादा चौकस विद्यार्थी हळूच विचारतो, की येथे राहणारी माणसे कोण होती, ती काय खात, कशासाठी भांडत. असा एक प्रश्न पदरात पडला तरी सहलीचा खर्च भरून निघाला असे आम्ही समजतो. या लेखात वाचकांस आम्ही अशाच एका सहलीस नेणार आहो. गाव लहान आहे, जुने आहे, आणि इंग्लंडात आहे. परंतु तेथे कोण राहत असे, काय खात असे व कशासाठी भांडत असे, या प्रश्नांचे उत्तर मात्र मराठीत द्यावे लागते.

अलीकडे आपल्या भागातील कित्येक मुलेमुली उच्च शिक्षणासाठी विलायतेस जातात. परत आली म्हणजे लंडनचा पूल आणि घड्याळाचा मनोरा यांची छायाचित्रे दाखवितात. वाँटेजचे नाव सहसा कोणी काढीत नाही, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा! ऑक्सफर्डपासून नैर्ऋत्येस सुमारे पंधरा मैलांवर, खडूच्या पांढऱ्या टेकड्यांच्या पायथ्याशी हे बाजाराचे गाव वसले आहे. पूर्वी ते बर्कशायर परगण्यात मोडत असे. १९७४ सालापासून ऑक्सफर्डशायरात गेले. आगगाडीचा मुख्य रस्ता गावास टाकून अडीच मैलांवरून गेला होता. भाईंदर स्थानकावर उतरून उत्तनास जाणाऱ्यास पुढच्या वाहनाची वाट पाहावी लागते, तशीच तेथील लोकांची गत होती. म्हणून त्यांनी १८७५ साली स्थानकापासून गावापर्यंत आपली स्वतःची ट्राम सुरू केली आणि लवकरच तिला वाफेचे इंजिन जोडले. जवळच्या टेकडीवर गवत खरवडून काढलेला एक प्रचंड पांढरा घोडा आहे. तो सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे, असे संशोधक सांगतात.

गावाच्या चौकात आल्फ्रेड राजाचा दगडी पुतळा उभा आहे. आल्फ्रेडचा जन्म ८४९ साली येथेच झाला असे मानतात. डेन लोकांच्या टोळ्यांनी देश लुटून फस्त केला असता त्याने त्यांस थोपविले, ही गोष्ट इंग्रजी शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक असते; चुलीवरच्या भाकऱ्या करपविल्याबद्दल गुराख्याच्या बायकोने त्यास झाडल्याची दंतकथा तर त्याहूनही अधिक ठाऊक असते. आम्हांस त्याची दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्या काळी विद्या म्हणजे लॅटिन, आणि लॅटिन जाणणारा माणूस त्याच्या राज्यात क्वचितच सापडे. तेव्हा या राजाने पोक्तपणी स्वतः लॅटिन शिकून निवडक ग्रंथ आपल्या लोकांच्या बोलीत उतरविण्यास आरंभ केला. पुतळ्याच्या एका हाती परशू आहे व दुसऱ्या हाती कागदाची गुंडाळी आहे. १८७७ च्या जुलैत इंग्लंडच्या युवराजाच्या उपस्थितीत तो उघडण्यात आला. पुढे सहाच वर्षांनी, म्हणजे १८८३ च्या मे महिन्यात, पंचवीस वर्षांची एक मराठी विधवा दोन वर्षांच्या मुलीस घेऊन या गावी येऊन राहिली. तिचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाई वाँटेजपर्यंत पोहोचल्या कशा, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान, पण हट्टी. बायकांस संस्कृत शिकवू नये अशी त्या वेळची रूढी असता त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. त्याबद्दल पंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला तोही दिला. आईने पुढे रमेस शिकविले. घरदार असे उरले नाही. तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरत राहिले. भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीस पाठ होते. मग दुष्काळ आला, आणि थोड्याच काळात वडील, आई व थोरली बहीण तिघेही गेली. रमा व तिचा भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी, म्हणून दोन्हीकडचे लोक रुसले. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले.

इतके आघात एखाद्याच्या वाट्यास साठ वर्षांतही येत नाहीत. बाई तेव्हा चोविसाव्या वर्षांत होत्या. त्या पुण्यास आल्या, न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या साहाय्याने आर्य महिला समाज स्थापिला, आणि सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांस शिक्षिका व डॉक्टर होण्याची सोय करावी अशी मागणी केली. स्वतः वैद्यक शिकावे ही त्यांची तळमळ होती. त्यासाठी विलायत गाठावयाची, तर पैसा कोठला? त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहून प्रसिद्ध केले आणि त्याच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा केला. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या जोगिणींचे काम पुण्यास चालू होते. त्यांच्या ओळखीने राहण्याजेवण्याची व्यवस्था ठरली. तीसुद्धा फुकट नव्हे. हिंदुस्थानात कामास येणाऱ्या भगिनींस बाईंनी मराठी शिकवावे, असा करार होता. या तपशिलाकडे आमच्या वाचकांनी, विशेषतः मुलामुलींस परदेशी धाडणाऱ्या पालकांनी, लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. कारण पुढे जे घडले त्याचे बळ या करारात आहे. बाई कोणाच्या आश्रित म्हणून गेल्या नव्हत्या.

मनोरमेखेरीज आनंदीबाई भगत नावाच्या एक सोबतीण त्यांच्याबरोबर होत्या. प्रवासाची हकीकत बाईंनी पत्ररूपाने मायदेशी लिहून पाठविली, आणि ती 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने त्याच वर्षी छापली गेली. निघताना, धर्म बदलण्याचा आपला हेतू नाही, असे त्यांनी पुण्याच्या मित्रांस सांगितले होते.

वाँटेज येथे पहिल्याच वर्षी तीन गोष्टी घडल्या. बाईंचे कान आधीच अधू होते, ते अधिकच मंद झाले, आणि बहिऱ्या माणसास वैद्यक शिकता यावयाचे नाही असे ठरले. ज्या एका हेतूने समुद्र ओलांडला तो किनाऱ्यास लागताच बुडाला. दुसरी गोष्ट अधिक भयंकर. परक्या देशात आनंदीबाईंच्या मनाचा तोल गेला व त्यांनी तेथेच आपल्या जिवाचा अंत करून घेतला. याविषयी नाना तर्क लिहिले गेले आहेत. आम्ही त्यांत भर घालीत नाही. एका खोलीत राहणाऱ्या दोघी मराठी बायकांपैकी एकच उरली, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. तिसरी गोष्ट अशी, की २९ सप्टेंबर १८८३ रोजी बाईंनी मनोरमेसह वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

हा निर्णय त्यांनी का घेतला, याची कारणे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेविली आहेत. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे हे स्वतः आधी शास्त्री व मग पाद्री झालेले गृहस्थ. त्यांच्या लेखनाने बाईंच्या बुद्धीस पटले. मन वळले ते मात्र वेगळ्या कारणाने. लंडनजवळ फुलहॅम येथे भगिनींनी चालविलेले एक घर त्यांस दाखविण्यात आले. समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेल्या बायका तेथे सन्मानाने राहत व काम करीत. अशा बायकांस आपल्याकडे कोणी दाराशीही उभे करीत नसे. या दयेचा उगम कोठे आहे असे बाईंनी विचारले, तेव्हा शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांस वाचून दाखविण्यात आली. पुण्यात या बाप्तिस्म्याने मोठी खळबळ उडाली. वर्तमानपत्रांतून टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली आपल्या 'सत्सार' या पत्रातून बाईंची बाजू घेतली.

येथवरची हकीकत पुष्कळांस ठाऊक असते, आणि बहुतेक चरित्रकार येथून एकदम अमेरिकेस जातात. आम्ही आणखी थोडे वाँटेजमध्येच थांबणार आहो, कारण खरा कसोटीचा काळ आता सुरू झाला.

बाईंस धर्माचे शिक्षण देण्याचे काम भगिनी जेराल्डिन यांच्याकडे होते. वयाने वडील, स्वभावाने प्रेमळ, शिस्तीस कडक. रमाबाई त्यांस मराठीतून आजीबाई म्हणत. आता या आजीबाईंची समजूत अशी, की नव्या शिष्येने चर्चची सर्व मते व सर्व रीती निमूटपणे स्वीकाराव्या. शिष्या पडली अनंतशास्त्र्यांची कन्या! ती प्रत्येक मताचे कारण विचारी. त्रैक्याचा सिद्धांत आपणांस अद्याप पटलेला नाही, तो पटल्याशिवाय मुखाने उच्चारणार नाही, असे तिने स्पष्ट कळविले. आपण ख्रिस्ताचे शिष्यत्व पत्करले आहे, एखाद्या पंथाचे दास्य पत्करलेले नाही, असे तिचे म्हणणे. दोघींत लांबलांब पत्रे चालली, आणि त्यांतील काही वाद आज वाचताना हसू येते. बाई शाकाहारी होत्या व शेवटपर्यंत राहिल्या. अंडे घातलेला गोड पदार्थही त्या खात नसत. भगिनींस हा जुन्या जातीचा अभिमान वाटे. बाईंचे उत्तर असे, की कोणी काय खावे याचा धर्माशी संबंध नाही, आणि आपल्या देशाची जी चाल निर्दोष आहे ती आपण टाकणार नाही.

आणखी एक प्रसंग क्रुसाचा. गळ्यात घालण्यासाठी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. बाई ती घालण्यास तयार होईनात. जी भाषा आपल्यास कळत नाही व आपल्या देशबांधवांस कळत नाही ती छातीवर का मिरवावी, लॅटिनमध्ये असे काय आहे की जे आपल्या संस्कृतात नाही, असा त्यांचा प्रश्न. अक्षरे हवीतच तर ती संस्कृतात असावीत! लॅटिन बाजूस सारून लोकभाषेस ग्रंथ देणाऱ्या आल्फ्रेडचा पुतळा त्याच गावच्या चौकात उभा होता. त्याची आठवण कोणास त्या वादात झाली होती की नव्हती कोण जाणे. आम्हांस मात्र ती पत्रे वाचताना झाल्यावाचून राहिली नाही.

हसण्याजोगे वाद येथे संपतात. १८८४ साली बाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तेथे मुख्याध्यापिका मिस डोरोथिया बील यांच्या छायेखाली त्या गणित, शास्त्रे व इंग्रजी वाङ्मय शिकत आणि संस्कृत शिकवीत. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांसही शिकवावे अशी सूचना निघाली. त्याबरोबर लाहोर व मुंबई येथील बिशपांनी हरकत घेतली, की हिंदुस्थानातील स्त्रीने पुरुषांस शिकविले तर तिच्या देशात तिचा लौकिक बिघडेल. ज्या स्त्रीने कलकत्त्यास भर सभेत पंडितांपुढे व्याख्याने दिली तिला हा उपदेश! बाईंस राग आला तो व्यर्थ नव्हता. हिंदुस्थानात असताना आपण जे मोकळेपणाने करीत होतो ते इंग्लंडात येऊन सोडावे काय, आणि आपल्याविषयीचा निर्णय आपल्यास न विचारता दुसऱ्यांनी का करावा, असा त्यांचा सवाल होता.

सर्वांत कठीण वाद मनोरमेविषयीचा. लहान मुलीस धर्मातील कोणती मते शिकवावी, हे भगिनींनी ठरवावयाचे की आईने? सगळे आप्त गमावलेल्या बाईस हे एकच मूल उरले होते, आणि ज्यांच्या आश्रयाने ते वाढत होते त्यांच्याशीच भांडावयाचे होते. गप्प बसणे सोयीचे होते. परक्या देशात बहुतेक माणसे तसेच करतात, आणि त्यांस आम्ही नावे ठेवणार नाही. बाई गप्प बसल्या नाहीत. मुलीची जबाबदारी देवापुढे आईची आहे व ती आपण कोणाच्या स्वाधीन करणार नाही, हा आपला निर्धार त्यांनी लेखी कळविला.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जेराल्डिनबाईंनी बाईंवर कठोर शब्दांत टीका केली, गर्वाचा आरोप केला, तरी माया सोडली नाही. बाई विलायतेतून गेल्यावरही दोघींचा पत्रव्यवहार चालू राहिला. म्हातारपणी या आजीबाईंनी ती सर्व पत्रे, ज्यांत त्यांचे स्वतःचे म्हणणे खोडून काढलेले आहे तीसुद्धा, जपून एकत्र केली. १९७७ साली महाराष्ट्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, म्हणूनच आम्हांस हा लेख लिहिता आला. आपल्याविरुद्धचा पुरावा असा प्रामाणिकपणे सांभाळणारी माणसे विरळा.

१८८६ च्या फेब्रुवारीत बाई अमेरिकेस निघाल्या. ११ मार्च रोजी फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांस डॉक्टरची पदवी मिळाली, तो समारंभ त्यांनी डोळे भरून पाहिला. स्वतःस जे साधले नाही ते दुसऱ्या मराठी स्त्रीने साधले, याचे त्यांस भूषणच वाटले असले पाहिजे. पुढे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर १८८७ साली इंग्रजी पुस्तक लिहिले, बॉस्टनला सहायक मंडळ उभे केले, आणि मायदेशी परतून ११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानास बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, मुंबईस चौपाटीवर विधवांसाठी शारदासदन उघडले. भाईंदरहून चर्नी रोडला उतरणाऱ्यांस ती चौपाटी हाकेच्या अंतरावर आहे. या सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या व धोंडो केशव कर्व्यांच्या संसारास आणि कार्यास हातभार लावित्या झाल्या. १८९० साली सदन पुण्यास नेले. तेथे १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ झाले, सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. या वादातही दोन्ही पक्षांस आपापले म्हणणे होते. त्याची सविस्तर हकीकत स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात बाई स्वतः मध्यप्रांतात हिंडल्या आणि उपासमारीने सुकलेल्या शेकडो मुलींस घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे-दौंड रस्त्यावर केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खोदल्या, शेती केली, माग घातले, आंधळ्या बायकांस वाचावयास शिकविले. फुलहॅमच्या त्या घराची आठवण केडगावच्या एका भागात तर उघड दिसे. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी तेथे कृपासदन नावाचे वेगळे घर होते.

शेवटली कित्येक वर्षे बाईंनी एका कामास वाहून घेतली. मराठी बायबल त्यापूर्वीच उपलब्ध होते, परंतु त्याची भाषा केडगावच्या खेडवळ बायकांस कळत नसे. वय चढलेले, कान गेलेले, अशा स्थितीत बाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून सगळा ग्रंथ सोप्या मराठीत उतरविण्यास बसल्या. सोबत शब्दकोश व व्याकरणेही तयार केली. छापखाना मुक्तिसदनातलाच. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. संस्थेची धुरा पुढे तिच्यावर यावयाची होती. आईने काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी, चौसष्टावे वर्ष पुरे होण्यास थोडे दिवस असता, बाईंनी केडगाव येथे देह ठेविला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्याची अक्षरे जुळविणारे हात मुक्तिसदनातील बायकामुलींचे होते.